किशोरवयीन मुलांची मैत्री : पालकांनी कुठे मदत करायची, कुठे लांब राहायचं

पाणंद (धागाकर्ती) :

१२ ते १८ या वयातल्या मुलांच्या मैत्रीबद्दल पालक विचारतात ते प्रश्न फिरून फिरून दोनच असतात. एक, "आमच्या मुलाला मित्रच नाहीत." दोन, "मित्र आहेत, पण आम्हाला ते पसंत नाहीत." उत्तरं वेगवेगळी आहेत, पण पालकांची पहिली चूक दोन्हीकडे एकच असते. ते सल्ला द्यायला बसतात. "जरा चार जणांत मिसळत जा", "त्याची संगत सोड". सल्ल्याने मैत्री जुळत नाही आणि तुटत तर नाहीच. जुळायला लागतो तो वेळ, म्हणून आधी वेळेचा हिशेब मांडते.

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. नुसत्या ओळखीचं जुजबी मैत्रीत रूपांतर व्हायला एकत्र घालवलेले साधारण ५० तास लागतात, नीट मैत्री व्हायला ९० च्या आसपास आणि जिवलग मैत्रीला २०० हून जास्त. अभ्यास प्रौढांचा आणि कॉलेजात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांचा होता, त्यामुळे आकडे १४ वर्षांच्या मुलाला जसेच्या तसे लावू नका. पण दोन गोष्टी घ्याच. पहिली, लागणारा वेळ आपल्या अंदाजापेक्षा बराच जास्त असतो. दुसरी, नुसतं शेजारी बसून काम केलेले तास फारसे धरले जात नाहीत. गप्पा, खेळ, टिवल्याबावल्या यांचे तास धरले जातात.

आता आठवड्यातून दोनदा तासभर चालणारा एखादा क्लास घ्या. तीन महिन्यांत होतात २४-२५ तास, त्यातला बोलायला मिळणारा वेळ पाच-सहा तास. मग आपण म्हणतो, "क्लासला घातलं, तरी कोणाशी मैत्री झाली नाही." होणार कशी?

म्हणून मुलासाठी उपक्रम निवडताना त्यातलं कौशल्य दुय्यम धरा आणि हे बघा : तीच तीच मुलं परत परत भेटतात का? गट ६ ते १२ जणांचा आहे का? काम करताना एकमेकांशी बोलावंच लागतं का? (नाटक, सांघिक खेळ, वाद्यवृंद, गिर्यारोहण यांत लागतं, रांगेत बसून गणितं सोडवताना लागत नाही.) निदान सहा-आठ महिने चालणार आहे का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आधी किंवा नंतर १५-२० मिनिटं मोकळी मिळतात का? बहुतेक मैत्र्या त्याच वीस मिनिटांत होतात. शिकवणी संपायच्या ठोक्याला गाडी घेऊन दारात उभे राहणारे पालक नेमका तो वेळ कापतात. थोडं उशिरा पोचा.

एकंदर किती मित्र हवेत? एक किंवा दोन चांगले असले तरी पुरे. व्हर्जिनियामधल्या एका दीर्घ अभ्यासात (२०१७) १५-१६ व्या वर्षी घट्ट मैत्री असलेल्या मुलांचं २५ व्या वर्षीचं मानसिक स्वास्थ्य जास्त चांगलं होतं. त्या वयात नुसती लोकप्रिय असलेल्या मुलांच्या बाबतीत तसं दिसलं नाही. मित्रांची संख्या मोजत बसू नका.

---

दगडफूल :

चांगला धागा. वेळेचं पटलं. पण लाजाळू मुलाची अडचण त्याच्या आधीची असते. सगळे घोळका करून उभे असतात, तिथे शिरायचं कसं हेच त्याला कळत नाही. वेळ मिळूनही तो कोपऱ्यात उभा राहतो.

---

अक्षरओळ :

दगडफूल, ते शिकवता येतं, आणि पायरी पायरीने शिकवता येतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत एलिझाबेथ लॉगसन आणि फ्रेड फ्रँकेल यांनी 'पीअर्स' नावाचा कार्यक्रम तयार केला. मुळात तो स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या किशोरांसाठी होता. त्यामागची दृष्टी फार उपयोगी आहे : मोठ्यांना योग्य वाटतं ते शिकवायचं नाही, ज्या मुलांना हे सहज जमतं ती प्रत्यक्षात काय करतात ते बघून शिकवायचं. मोठे सांगतात, "जा आणि 'हॅलो, मी अमुक' म्हण." घोळक्यात जाऊन असं म्हणणारा १४ वर्षांचा मुलगा कोणी पाहिलाय का?

जमणारी मुलं करतात ते असं :

१. आधी ऐकतात. थोडं बाजूला, हातात पाण्याची बाटली किंवा फोन, अर्धं मिनिट ते एक मिनिट. विषय काय चाललाय? आपल्याला त्यातलं काही माहीत आहे का? नसेल तर तो गट सोडतात.

२. गट बघतात. तीन ते पाच जण बरे. दोघं एकमेकांकडे तोंड करून हळू बोलत असतील तर जात नाहीत. खांद्याला खांदा लावून बंद गोल असेल तरी नाही. मध्ये फट असेल तर तिथे.

३. एक-दोन हातांच्या अंतरावर येतात आणि बोलण्यात खंड पडायची वाट बघतात. पूर्ण शांतता कधीच होत नाही, म्हणून एक वाक्य संपलं की पुरे.

४. पहिलं वाक्य त्यांच्याच विषयावर, आणि छोटं. "शेवटची ओव्हर बघितली का?" एवढंच. "काय बोलताय?" असं विचारलं की सगळ्यांना थांबून सांगावं लागतं, ते नको. स्वतःचा विषय तर अजिबात काढायचा नाही.

५. मग गप्प राहून बघतात. कोणी वळून बघितलं, उलट प्रश्न केला, उभं राहायला जागा केली, तर झालं काम. एका शब्दाची उत्तरं आली, खांदे परत जवळ आले, तर नाही.

६. नाही म्हटल्यावर निघतात. नजर दुसरीकडे, एक पाऊल मागे, आणि चालू लागायचं. कारण सांगायचं नाही, "ठीक आहे, जातो मी" असं तोंड पाडूनही म्हणायचं नाही.

सहावी पायरी कोणी शिकवत नाही आणि मुलं अडकतात तिथेच. मिळूनमिसळून राहणाऱ्या मुलांचेही बरेच प्रयत्न फसतात. ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घोळक्यात जातात, एवढाच फरक. नकार म्हणजे आपल्यावर शेरा नव्हे, त्या क्षणी तिथे जागा नव्हती एवढंच, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. नाहीतर पहिल्याच फसलेल्या प्रयत्नानंतर तो महिनाभर कोपरा सोडत नाही.

घरी सराव करायचा असेल तर घरातली दोन-तीन माणसं उभी राहून खरंच गप्पा मारू दे आणि मुलाला वरच्या क्रमाने आत येऊ दे. आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं. हमखास होणाऱ्या चुका तीन : दुसऱ्याचं बोलणं दुरुस्त करणं ("तो २०१९ चा नाही, २०१८ चा सामना होता"), ओळख नसताना विनोद करणं, आणि एकामागून एक प्रश्न विचारत सुटणं. शेवटच्यावर उपाय म्हणजे एक प्रश्न, त्याचं उत्तर ऐकायचं, त्याला जोडून स्वतःचं एक वाक्य, मगच पुढचा प्रश्न.

---

खिडकीपाशी :

अक्षरओळ, प्रिंट काढून ठेवावा असा प्रतिसाद.

ओळख झाली, पुढे काय? घरी बोलवा म्हटलं तर मुलं येतात आणि शेजारी शेजारी बसून आपापल्या फोनमध्ये डोकं घालतात.

---

अक्षरओळ :

पहिल्यांदा एकालाच बोलवा. तिघं आले की दोघं जुळतात आणि एक बाहेर पडतो. कधीकधी तो यजमानच असतो. वेळ दीड ते दोन तास, आणि संपायची वेळ निमंत्रणातच सांगायची : "चार ते सहा ये." मजा चालू असताना संपली की पुढची भेट ठरते, कंटाळून संपली की ठरत नाही.

काय करायचं ते दोघांनी आधीच मेसेजवर ठरवू दे. दोन पर्याय हाताशी ठेवायचे. पाहुण्याला निवडू द्यायचं. धाकट्या भावंडाला तेवढा वेळ दुसरीकडे गुंतवा, नाहीतर पाहुणा त्याच्याशीच खेळतो. तुम्ही घरात असा, पण त्या खोलीत नको. फोनचं म्हणाल तर एकाच पडद्यावर दोघांनी मिळून खेळलेला गेम चालतो, ती मैत्रीच आहे. दोन वेगळे पडदे आले की तुम्ही खायला काहीतरी घेऊन आत जा. हात गुंतले की फोन आपोआप खाली जातात.

---

उंबरा :

मला दुसऱ्या प्रश्नाबद्दल वाचायचं आहे. मित्र आहे, पण तो घातक आहे हे आपल्याला स्पष्ट दिसतंय. मुलाला दिसत नाही. अशा वेळी शांत कसं राहायचं?

---

पाणंद :

उंबरा, शांत राहायचं म्हणजे गप्प राहायचं असं नाही. पण मित्राबद्दल बोलायचं नाही, वागण्याबद्दल बोलायचं. "तो मुलगा वाया गेलेला आहे" म्हटलं की मुलगा त्याचा वकील होतो. या वयात मित्र म्हणजे स्वतःचाच एक भाग असतो, त्याच्यावर टीका ती आपल्यावर टीका. त्याऐवजी, "परवा त्याने सगळ्यांसमोर तुझी नक्कल केली, तेव्हा तू हसलास. तुला कसं वाटलं होतं?" एवढं विचारा आणि थांबा. खरंच थांबा. उत्तर यायला दोन दिवससुद्धा लागतात.

बंदी घालण्याचा तोटा असा, की मैत्री संपत नाही, फक्त तुम्हाला दिसेनाशी होते. स्वीडनमध्ये स्टाटिन आणि केर यांनी १४ वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास केला होता (२०००). मूल काय करतं, कुठे जातं हे पालकांना मुख्यतः कशामुळे कळतं? मूल आपणहून सांगतं म्हणून. पाळत, उलटतपासणी, नियम यांतून कळणारा भाग त्यामानाने थोडा निघाला. सांगणं चालू राहील असं घर ठेवणं हीच देखरेख. मूल काही सांगत असताना पहिल्या दोन मिनिटांत निवाडा दिलात, तर पुढची गोष्ट तुम्हाला कळणार नाही.

मैत्री निकोप आहे का हे मुलालाच तपासायला द्यायचे प्रश्न :
त्याला भेटून आल्यावर तुला हलकं वाटतं की दमल्यासारखं? 
तू "नाही" म्हटलंस तर काय होतं? 
तुझी एखादी गोष्ट चांगली झाली तर तो खूश होतो का? 
माफी कायम एकच जण मागतो का? 
दुसऱ्या कोणाशी बोललास तर त्याला चालतं का?

दुसऱ्या आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जड आलं तर लक्ष द्या. "नाही" म्हटल्यावर शिक्षा (अबोला, गुपित फोडायची धमकी, गटातून काढणं) आणि बाकीच्यांपासून तोडणं, या दोन खुणा बाकी सगळ्यांपेक्षा गंभीर.

---

नववा_तास :

शाळेच्या बाजूने थोडं. भांडण, तुसडेपणा आणि छळ या तीन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांची छळाची व्याख्या आजही कामाला येते : इजा करायचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणं, आणि ताकदीतला फरक. ताकद म्हणजे अंगाचीच नव्हे. पाच विरुद्ध एक, लोकप्रिय विरुद्ध एकटा, हीसुद्धा ताकदच. दोन बरोबरीचे मित्र भांडले तर त्यांना समोरासमोर बसवून समेट घडवता येतो. छळात तसं कधीही करू नये. ज्याला त्रास होतोय त्याला त्रास देणाऱ्यासमोर बसवून "दोघंही सॉरी म्हणा" केलं, की बाहेर पडल्यावर त्याची किंमत तोच मोजतो. शाळेने असं सुचवलं तर पालकांनी ठाम नकार द्यावा. आपल्या मुलाची जागा बदलणं, मधल्या सुट्टीत त्या जागी मोठ्यांची उपस्थिती आणि आठवड्याने आढावा, या तीन गोष्टी तारखेसकट लेखी मागाव्यात.

छळ न दिसणाराही असतो. वाळीत टाकणं, अफवा, "तिच्याशी बोललीस तर आम्ही तुझ्याशी बोलणार नाही". क्रिक आणि ग्रोटपीटर या संशोधकांनी १९९५ मध्ये याला 'नात्यांमधून केलेली आक्रमकता' म्हणून वेगळं काढलं. अंगावर वळ नसतो, म्हणून शिक्षकांच्या नजरेतून निसटतं.

आणि बघ्यांबद्दल. कॅनडात प्राथमिक शाळेच्या मैदानावर केलेल्या चित्रीकरणाच्या अभ्यासात (हॉकिन्स, पेपलर आणि क्रेग, २००१) असं दिसलं, की एखादं मूल मध्ये पडलं तर निम्म्याहून जास्त वेळा, म्हणजे ५७ टक्के वेळा, दहा सेकंदांच्या आत छळ थांबला. मध्ये पडणं म्हणजे मारामारी नव्हे. ज्याला त्रास होतोय त्याच्याशेजारी जाऊन "चल, सर बोलावतायत" म्हणत त्याला तिथून काढणं. हे एक वाक्य प्रत्येक मुलाला शिकवून ठेवावं.

शिक्षकांना विनंती : "आपापले गट करा" असं म्हणू नका. निवडायचे ते निवडतात आणि तीच दोन मुलं दर वेळी उरतात. गट तुम्ही करा, चार-चारचे, आणि तीन-चार आठवडे तेच ठेवा. प्रत्येकाकडे माहितीचा वेगळा तुकडा द्या, म्हणजे त्याचं ऐकल्याशिवाय काम पुरं होणार नाही. एलियट ॲरनसन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत हीच 'जिगसॉ' पद्धत सुरू केली, तीही वर्गातला तणाव कमी करण्यासाठीच.

---

शांतवेळ :

+१. गट तुम्ही करा, हे मोठ्या अक्षरांत लिहून स्टाफरूममध्ये लावायला हवं.

---

केतकीपान :

पाणंद, बंदीबद्दल थोडा मतभेद. काही वेळा पालकांनी मध्ये पडायलाच हवं. मूल नाराज होईल म्हणून थांबायचं नाही.

---

पाणंद :

केतकीपान, बरोबर आहे. तिथे मतभेद नाहीच. मित्र वयाने बराच मोठा असून भेटी लपवल्या जात असतील, पैसे किंवा वस्तू उकळल्या जात असतील, नशा असेल, मारहाण असेल, खासगी फोटो मागितले किंवा त्यावरून धमकावलं जात असेल, तर ते मैत्रीचं प्रकरणच नाही, सुरक्षिततेचं आहे. त्याच दिवशी मध्ये पडा.

फोटोच्या बाबतीत घाईत चुका होतात म्हणून क्रम सांगते. पहिलं वाक्य, "तू सांगितलंस हे फार बरं झालं, आपण हे निस्तरू." रागवायचं नाही, फोन हिसकायचा नाही. पैसे द्यायचे नाहीत, एकदा दिले की मागणी वाढते. धमकीचे मेसेज, खात्याचं नाव, तारीख-वेळ यांचे स्क्रीनशॉट ठेवा, पण खुद्द खासगी फोटोची प्रत काढू नका आणि तो कोणालाही पुढे पाठवू नका, शाळेलासुद्धा. ॲपमध्ये तक्रार करा, मग ब्लॉक. आधी चॅट डिलीट करून टाकतात आणि पोलिसांकडे न्यायला काही उरत नाही, असं बऱ्याचदा होतं.

---

खिडकीपाशी :

फोनचा विषय निघालाच आहे तर ग्रुपबद्दल कोणीतरी लिहा. निम्मं रडं तिथलंच असतं.

---

अबोली_रंग :

मी लिहिते. नेहमीचा प्रसंग असा असतो. आठ मैत्रिणींचा ग्रुप एकदम शांत होतो. दोन दिवस कोणी काही लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी कळतं, की सातजणींचा दुसरा ग्रुप झालाय. जिला वगळलं तिला कोणी "जा" म्हटलेलं नसतं, त्यामुळे भांडायलाही जागा नसते. ती रात्री साडेअकराला "मी काही केलंय का?" असं लिहिते, समोर निळ्या खुणा उमटतात आणि उत्तर येत नाही. हे ती रात्रभर बघत राहते.

पालकांनी या क्षणी "एवढं काय त्यात" म्हणू नये. वगळलं जाण्याची वेदना खरी असते. आयझेनबर्गर, लीबरमन आणि विल्यम्स यांच्या २००३ च्या प्रयोगात चेंडू फेकण्याच्या साध्या संगणकी खेळातून वगळल्यावर मेंदूतला जो भाग जास्त सक्रिय झाला, त्याचा शारीरिक वेदनेच्या त्रासाशीही संबंध आहे.

त्या रात्री करायचं ते एवढंच : फोन दुसऱ्या खोलीत, तिच्याजवळ बसणं, आणि उत्तर उद्या. रागाच्या भरात रात्री पाठवलेला मेसेज सकाळी स्क्रीनशॉट होऊन फिरतो. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर नाही, सातजणींपैकी जिच्याशी सर्वांत जवळीक आहे अशा एकीशी, शक्यतो समोरासमोर : "नवा ग्रुप झालाय हे कळलं. मला वाईट वाटलं. काही झालंय का?" तीन वाक्यं. आरोप नाही, "सगळ्या" नाही, इतर कोणाचं नाव नाही. खरं कारण असेल तर निघतं. टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच आहे, मग दुसरीकडची मैत्री वाढवायला घ्यायची. म्हणून तर सगळी मैत्री एकाच गटात नको. शाळेतला एक गट आणि शाळेबाहेरचा एक, असे दोन तरी असू देत.

सेटिंगमधली कामंही करून घ्या. व्हॉट्सॲपवर आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं हे प्रायव्हसीमध्ये ठरवता येतं. ग्रुप सोडला तर आता सूचना फक्त ॲडमिनला जाते. सोडायचा नसेल तर कायमचा म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाका. निळ्या खुणा बंद करता येतात (ग्रुपमध्ये मात्र त्या दिसतातच). इन्स्टाग्रामवर कोणाला ब्लॉक करणं अवघड वाटत असेल तर 'रिस्ट्रिक्ट' आहे. त्या व्यक्तीची कमेंट मग तिची तिलाच दिसते आणि आपण ऑनलाइन आहोत की नाही हे तिला कळत नाही. स्नॅपचॅटच्या नकाशावर 'घोस्ट मोड' लावा, म्हणजे आपलं ठिकाण कोणाला दिसत नाही. बाकीच्यांचं ठिकाण मात्र तरीही दिसतं, आणि सगळ्या एका घरी जमल्यात हे बघत बसणं फार वाईट, म्हणून तो नकाशा उघडूच नका.

---

दगडफूल :

मित्रांच्या दडपणाखाली काहीतरी करून बसण्याबद्दल? "नाही म्हणायला शीक" हे सगळेच सांगतात, पण मुलं नेमकं म्हणणार काय?

---

नववा_तास :

आधी हे लक्षात घ्या, की मुलगा घरी एकटा असताना जे शहाण्यासारखं बोलतो ते खोटं नसतं. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांच्या २००५ च्या प्रयोगात गाडी चालवण्याच्या संगणकी खेळात १३ ते १६ वयाच्या मुलांनी मित्र शेजारी असताना एकटं असतानापेक्षा दुपटीच्या घरात धोका पत्करला. प्रौढांवर मित्रांच्या असण्याचा तसा परिणाम झाला नाही. म्हणजे अक्कल असते, मित्रांसमोर ती मागे पडते. म्हणून वाक्यं आधी तोंडपाठ हवीत, त्या क्षणी सुचत नाहीत.

चालणारी वाक्यं छोटी आणि कारण न देणारी असतात. "मला नको, तुमचं चालू द्या." "आज नाही." कारण दिलं की समोरचे ते खोडायला बसतात. आई-बापांवर ढकललं तरी चालेल : "घरी कळलं तर फोन जाईल." आम्हाला खलनायक करायची परवानगी आहे, असं मुलांना उघड सांगून ठेवा. आणि एक खूण ठरवा. मुलाने ठरलेलं एक अक्षर मेसेज केलं की तुम्ही पाच मिनिटांत फोन करायचा : "लगेच घरी ये, काम निघालंय, मी न्यायला येतोय." अट अशी, की त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही. बोलणं दुसऱ्या दिवशी. ही अट एकदा जरी मोडलीत, तर ती खूण पुन्हा वापरली जाणार नाही.

दुसरी गोष्ट, जोडीदार. सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत सगळे जण चुकीचं उत्तर देत असताना लोक त्यांच्यामागे जात. पण एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तर मागे जाण्याचं प्रमाण साधारण पाव हिश्शावर येई. गटातला एक असा मित्र ज्याला हे प्रकार आवडत नाहीत, तो शोधायला मुलाला मदत करा. दोघांनी आधी ठरवलं तर नाही म्हणणं खूप सोपं होतं.

---

उंबरा :

मुलींच्या बाबतीत उलट दिसतं. मैत्री इतकी घट्ट, की दोघी तासन् तास फोनवर, आणि दोघींचीही मनःस्थिती आणखी बिघडते.

---

अबोली_रंग :

उंबरा, याचाही अभ्यास झालेला आहे. अमांडा रोज यांनी २००२ मध्ये दाखवलं, की एकच अडचण परत परत उगाळत बसलं की मैत्री जवळची होते, पण उदासी आणि चिंताही त्याबरोबर दिसते. मुलींमध्ये हे जास्त, मुलांमध्येही असतं. बोलू नका म्हणणं हा उपाय नव्हे. तेच तेच तिसऱ्यांदा आलं की "मग आता काय करू या?" असं विचारायला शिकवा, आणि बोलताना चालायला पाठवा. बसून बोललं की विषय गोल फिरतो.

याहून महत्त्वाचं. मैत्रिणीने "मला जगायचं नाही" असं सांगितलं आणि कोणाला न सांगायची शपथ घातली, तर? प्रत्येक मुलाला आधीच सांगून ठेवा, की जिवाचा प्रश्न आला की गुपित संपलं. तिला थेट विचारायचं, "तू जीव द्यायचा विचार करतेयस का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. तिला एकटं सोडायचं नाही, आणि त्याच दिवशी एका मोठ्या माणसाला सांगायचं. शब्द असे : "तू माझ्यावर रागावलीस तरी चालेल, पण हे मी एकटी सांभाळू शकत नाही." १५ वर्षांच्या मुलीने मैत्रिणीच्या जिवाची राखण रात्री जागून करायची नसते. ते मोठ्यांचं काम आहे.

---

शांतवेळ :

मैत्री तुटल्यावर काय करायचं यावर कोणी लिहिलं नाही म्हणून. हार्टल, लॉर्सन आणि सिलेसन यांच्या २०१५ च्या अभ्यासात अमेरिकेत सातवीत जुळलेल्या मैत्र्यांपैकी बारावीपर्यंत जेमतेम एक टक्का टिकल्या. बऱ्याच तर वर्षभरातच संपल्या. तेव्हा तुटणं हे अपयश धरू नये, हा या वयाचा नेम आहे. पण दुःख खरंच होतं. "दुसरे मिळतील" हे वाक्य पहिल्या आठवड्यात नको. सोबत राहा, दिनक्रम चालू ठेवा, जुन्या मित्राची निंदा करू नका (उद्या समेट झाला तर तुमची निंदा तेवढी लक्षात राहते). झोप, भूक किंवा शाळेत जाणं दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडलं तर समुपदेशकाकडे न्या.

चूक आपल्या मुलाची असेल तर माफी मागायला शिकवा, तीही नीट. काय केलं ते नाव घेऊन, त्याने समोरच्याला काय झालं ते, आणि पुढे काय बदलणार. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" ही माफी नव्हे. आणि माफीनंतर लगेच मैत्री परत मागायची नाही, समोरच्याला वेळ द्यायचा.

मुलग्यांशी या विषयावर बोलताना समोरासमोर बसवू नका. गाडीत, भांडी घासताना, चालताना बोला. नजरेला नजर नसली की ते जास्त बोलतात.

---

केतकीपान :

एक शेवटचं विचारते. आपल्या मुलाला त्रास देणाऱ्या मित्राच्या आईवडिलांना फोन करावा का?

---

पाणंद :

मुलाला विचारल्याशिवाय नको, आणि छळ असेल तर आधी शाळा. त्यांच्या घरी थेट फोन गेला की बहुतेक पालक आपल्या मुलाच्या बाजूने उभे राहतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तुमच्या मुलाला "घरी सांगितलंस ना?" ऐकावं लागतं.

साधी कुरबूर असेल, घरोबा असेल आणि मूल हो म्हणत असेल, तर फोन न करता मेसेज करा, म्हणजे त्यांना लगेच उत्तर द्यावं लागत नाही. साधारण असा : "नमस्कार. आपल्या दोघांच्या मुलांमध्ये गेल्या आठवड्यात काहीतरी बिनसलंय असं दिसतंय. माझ्याकडे एकच बाजू आली आहे. तुमच्याकडे काय कळलं ते सवडीने सांगाल का? मुलांना मिटवता आलं तर उत्तमच, आपण फक्त लक्ष ठेवू." आरोप नाही, पुरावे नाहीत, स्क्रीनशॉट जोडायचा नाही. आणि पाठवण्याआधी मुलाला वाचायला द्या. त्याने एखादा शब्द बदल म्हटलं तर बदला.